विहिरीवरच्या इंजिनाचे गॅस्केट उडते तेव्हा

अशी कल्पना करा, की मे महिन्याची सुट्टी आहे आणि तुम्ही मामांच्या गावी गेला आहात. गाव सातारा जिल्ह्यातल्या खटावकडचे असेल, नाही तर सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडचे. विहिरीवर पत्र्याच्या खोपटात एक डिझेल इंजिन आहे. एरवी विजेची मोटार चालते. पण वीज नसली, की पाणी उपसण्याचे काम या जुन्या इंजिनावर येते. आज नेमकी वीज नाही आणि पीक माना टाकू लागले आहे.

मामा हँडल मारतात. इंजिन लागत नाही. पुन्हा मारतात. हँडल आज नेहमीपेक्षा हलके फिरते आहे. काल दुपारी इंजिन फार तापले होते, सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत होती आणि इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसत होते. शेजारचे एक जाणते गृहस्थ बांधावरूनच विचारतात, "हेड गॅस्केट उडालं काय हो?"

हे शब्द ऐकले, की घरातल्या कर्त्या माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात. इंजिन उघडायचे म्हणजे खर्च आला आणि पाण्याचे चार दिवस गेले. खरे पाहता गॅस्केट ही इंजिनातल्या स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. खर्च वाढतो तो दुसऱ्याच कारणाने. लोक गॅस्केट बदलतात, पण ते का उडाले हे शोधत नाहीत. मग आठ-पंधरा दिवसांत नवेही उडते. या लेखात आपण ते कारण कसे शोधायचे आणि थोडक्या खर्चात दुरुस्ती कशी करायची, ते पाहू. त्यासाठी लागणारे बहुतेक शास्त्र तुमच्या शाळेच्या पुस्तकांतच आहे.

दोन जिल्हे आणि इंजिनाची गोष्ट

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे यशस्वी रीतीने चालले. आपल्या भागात ते यायला फार काळ लागला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तेव्हाच्या औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. तीच आजची किर्लोस्करवाडी. तिथे आधी लोखंडी नांगर आणि पुढे पंप तयार होऊ लागले. साताऱ्याजवळ सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला. तिथेही सुरुवात नांगरापासूनच झाली आणि १९३०च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही तरुणपणी किर्लोस्कर आणि कूपर या दोन्ही कारखान्यांसाठी विक्रीचे काम केले होते.

सांगली जिल्ह्याचे १९४९ मधले पहिले नाव 'दक्षिण सातारा' असे होते. १९६० मध्ये ते बदलले. कृष्णा आणि तिच्या उपनद्यांच्या या खोऱ्यात विहिरीवरच्या मोटेची जागा हळूहळू डिझेल इंजिनाने घेतली. आता बहुतेक ठिकाणी विजेचे पंप आले असले, तरी अडीअडचणीला ठेवलेली इंजिने अजूनही कामाला येतात. शिवाय ट्रॅक्टर, जीप आणि मोटारी यांच्या इंजिनांतही हेड गॅस्केट असतेच. त्यामुळे इथे जे शिकाल ते तिथेही उपयोगी पडेल.

गॅस्केट करते तरी काय?

इंजिनाचे सिलिंडर म्हणजे एक भक्कम नळकांडे. त्यात दट्ट्या खालीवर सरकतो. फिटर त्याला पिस्टन म्हणतात. सिलिंडरचे तोंड ज्या जाड झाकणाने बंद केलेले असते ते हेड. हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी अशा दोन झडपा, तसेच डिझेलचा फवारा उडवणारे नोझल या हेडमध्येच बसवलेले असते.

हेड आणि सिलिंडर हे दोन्ही धातूचे. त्यांचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांवर बारीक उंचवटे आणि खळगे असतातच. म्हणून दोघांच्या मध्ये थोडा दबणारा एक पातळ थर घालतात. तेच गॅस्केट. घरातल्या प्रेशर कुकरच्या झाकणातील रबरी कडे हेच काम करते. मात्र इंजिनातल्या गॅस्केटला एकाच वेळी अनेक वाटा सांभाळाव्या लागतात. मधल्या मोठ्या भोकातून जळते वायू बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. भोवतालच्या लहान भोकांतून थंड पाणी हेडमध्ये जाऊ द्यायचे, पण ते सिलिंडरमध्ये गळू द्यायचे नाही. काही इंजिनांत तेलाची वाटही वेगळी राखायची. दोन वाटांमधली भिंत काही ठिकाणी जेमतेम बोटभर रुंद असते.

सव्वातीन टनांचा दणका

आता थोडे गणित करू. समजा, आपले इंजिन ५ अश्वशक्तीचे आहे आणि त्याच्या सिलिंडरचा व्यास ८ सेंटिमीटर आहे. म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ झाले सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. डिझेल पेटते तेव्हा आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ६५ किलोग्रॅमच्या घरात जातो. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅमनेच जास्त असतो, हे लक्षात घ्या.

क्षेत्रफळ गुणिले दाब म्हणजे बल. ५० गुणिले ६५ केले, की ३,२५० किलोग्रॅम येतात. म्हणजे प्रत्येक स्फोटाला हेड सव्वातीन टनांच्या बलाने वर उचलले जाऊ पाहते. उसाने भरलेल्या दोन बैलगाड्यांचे ओझे साधारण एवढे असते.

हे किती वेळा घडते? इंजिनाचे चाक मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. म्हणजे मिनिटाला ७५० आणि आठ तासांत ३,६०,००० दणके. हे सारे थोपवून धरतात ते हेडचे मोजके नट आणि त्यांखाली दबलेले गॅस्केट. पुढच्या साऱ्या दुरुस्तीत हा आकडा विसरू नका.

ते उडते कशामुळे?

चांगले आवळलेले गॅस्केट वर्षानुवर्षे टिकते. ते उडते याचा अर्थ बहुधा आणखी कुठे तरी काही तरी चुकले आहे. मुख्य कारणे तीन.

पहिले कारण अति उष्णता. विहिरीवरच्या अनेक इंजिनांत पंपाने उपसलेल्या पाण्यापैकीच थोडे पाणी एका नळीने इंजिनाभोवती फिरवतात. त्या नळीच्या जाळीत शेवाळ किंवा गाळ अडकला, की पाणी कमी पडते. विहिरीचे पाणी दुष्फेन असेल, म्हणजे साबणाला फेस येऊ न देणारे असेल, तर आतल्या वाटांवर क्षारांचा पांढरा थर बसतो. तुमच्या घरच्या बंबात बसतो तसाच. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्याने पाणी वाहत असूनही धातू तापत राहतो.

तापलेला धातू प्रसरण पावतो. २० सेंटिमीटर लांबीचे ओतीव लोखंडाचे हेड १०० अंश सेल्सिअसने तापले, तर ते सुमारे ०.२ मिलिमीटरने वाढते. ॲल्युमिनियमचे हेड त्याच्या दुपटीहून अधिक वाढते. सगळीकडे सारखे वाढले तर फारसे बिघडत नाही. पण एक बाजू जास्त तापली आणि दुसरी कमी, तर हेड पापडासारखे वाकते. अशा तापलेल्या इंजिनावर कोणी घाईने विहिरीचे गार पाणी ओतले, तर काय होईल? गरम काचेच्या पेल्यात गार पाणी ओतल्यावर जे होते तेच. हेडला भेग पडते.

दुसरे कारण म्हणजे नट कमी-जास्त आवळलेले असणे. तिसरे कारण म्हणजे मागच्या दुरुस्तीत पृष्ठभाग नीट साफ न केलेले असणे.

उघडण्याआधी ऐका आणि पाहा

इंजिन लागत नाही म्हणून लगेच हेड उघडू नका. हवा दाबली जात नसेल, तर ती झडपेतून, पिस्टनच्या कड्यांतून किंवा गॅस्केटमधून निसटत असेल. फुकटात निदान करण्याची रीत अशी आहे. पण त्याआधी डिझेल पूर्ण बंद करायचे, म्हणजे इंजिन अचानक पेटून हँडलचा उलटा फटका बसणार नाही. आणि हँडल नेहमी मोठ्या माणसाच्याच हातात असावे.

पहिल्याने कॉम्प्रेशन सोडण्याची कळ उचलून हँडल अगदी सावकाश फिरवा. ते मध्येच घट्ट अडले, तर जोर करू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असू शकते. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. अशा वेळी कोणी जोराने हँडल मारले, तर पिस्टनचा दांडा वाकतो आणि मग खर्च खरोखरच मोठा होतो.

हँडल मोकळे फिरत असेल, तर कळ खाली करा. एकाने हँडल दाबाच्या धावेवर दाबून धरायचे आणि दुसऱ्याने चार ठिकाणी कान द्यायचा. हवा घेणाऱ्या नळीत सूं असा आवाज आला, तर आत घेणारी झडप गळते. सायलेन्सरमध्ये आला, तर धूर सोडणारी झडप. तेल भरण्याच्या तोंडाशी आला, तर पिस्टनची कडी झिजली आहेत. आणि पाण्याच्या नळीचे तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवल्यावर दाबाच्या प्रत्येक धावेला बुडबुडे आले, तर गॅस्केट गेले आहे किंवा हेडला भेग आहे.

आणखी एक परीक्षा. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाच्या तेलाचा खालचा नट किंचित सैल करा. तेल पाण्यापेक्षा हलके असते. त्यामुळे आत पाणी गेले असेल, तर ते तळाशी बसते आणि आधी पाण्याचे थेंब येतात. तेल दुधाळ चहासारखे दिसले, तरी अर्थ तोच. ते तेल बदललेच पाहिजे. पाणी मिसळलेले तेल बेअरिंग खाऊन टाकते.

इथे जीप आणि मोटारींविषयी एक इशारा. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढताना कधी कधी बॉनेट उघडून उभी राहिलेली गाडी दिसते. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब राखते, म्हणून आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. असे झाकण गरम असताना उघडले, की दाब एकदम उतरतो, पाणी क्षणात उकळते आणि तोंडावर उसळते. इंजिन पूर्ण निवाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

हळदीने भागेल का?

गळक्या रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकायची, ही युक्ती ट्रकवाल्यांकडून तुम्ही ऐकली असेल. सांगली तर हळदीची मोठी बाजारपेठ. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तेव्हा हा प्रश्न सांगलीकरांनी विचारायलाच हवा.

रेडिएटरला सुईच्या टोकाएवढे भोक असेल, तर ही युक्ती काही वेळ चालते. हळदीच्या कणांत पिष्टमय पदार्थ आणि तंतू असतात. ते गरम पाण्यात फुगतात आणि पाण्याबरोबर वाहत जाऊन भोकात अडकतात. तिथला दाब कुकरमधल्या दाबाएवढाच असतो. गॅस्केटच्या जागी मात्र दाब त्याच्या ६५ पट आहे. तिथे हळद टिकत नाही. उलट पाण्याच्या अरुंद वाटांत तिचा लगदा बसतो आणि इंजिन आणखी तापते. बाटलीत मिळणाऱ्या गळती बंद करणाऱ्या द्रावणांचेही असेच आहे. लहान गळतीला ते तात्पुरते ठीक. पण फुटलेल्या गॅस्केटवर तो खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

हेड उतरवताना

इंजिन रात्रभर निवू द्या. गरम हेड सैल केले, तर ते वाकण्याचा धोका असतो. पाणी काढून टाका. डिझेलच्या नळ्या सोडवल्यावर त्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने बांधा, कारण धुळीचा एक कण नोझल बिघडवायला पुरतो. झडपा हलवणारे दांडे, म्हणजे पुशरॉड, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात उभे करून ठेवा. ही सवय फुकट आहे आणि पुढचा अर्धा गोंधळ तीच वाचवते.

हेडचे नट एकदम एक काढू नका. समोरासमोरचे नट थोडे थोडे सैल करत दोन-तीन फेऱ्यांत सोडवा. हेड चिकटले असेल, तर लाकडी ठोकळा ठेवून हळूच ठोका. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. त्याने पडलेला ओरखडा हीच पुढच्या गळतीची वाट होते.

आता जुने गॅस्केट फेकून न देता उन्हात धरून नीट पाहा. मधल्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंत गेलेला काळा पट्टा दिसेल. वायू निसटला तो इथूनच. हेड आणि सिलिंडर यांच्यावरही नेमकी त्याच जागी खूण सापडते. ती जागा खडूने नोंदवून ठेवा.

एक काळजी घ्या. जुन्या गॅस्केटांत तांब्याच्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस भरलेले असे. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे गेले, तर फुप्फुसाचे रोग आणि कर्करोग होऊ शकतो. त्यामुळे जुने गॅस्केट कोरडे खरवडू नका आणि फुंकरही मारू नका. ते पाण्याने ओले करून काढा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाका. पृष्ठभाग साफ करायला लाकडाची किंवा पितळेची पट्टी वापरा. पॉलिश कागदाची पूड सिलिंडरमध्ये गेली, तर पिस्टनची कडी झिजतात. म्हणून तो वापरूच नका.

वहीच्या कागदाने मोजा

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि तिथेच फसतात. हेड सपाट आहे का, हे पाहिलेच पाहिजे. एक जाड, सरळ पोलादी पट्टी हेडच्या चारही कडांवर आणि दोन्ही कर्णांवर अशी सहा वेळा ठेवायची आणि खाली फट आहे का ते पाहायचे. कारागीर यासाठी फीलर गेज नावाची पातळ पत्र्यांची जुडी वापरतात. ती नसेल, तर तुमच्या वहीचा कागद चालेल. वहीचे १०० कागद घट्ट दाबून त्यांची जाडी मोजा आणि १००ने भागा. उत्तर ०.१ मिलिमीटरच्या आसपास येईल.

हेडला सामान्यपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकडेपणा चालत नाही. नेमकी मर्यादा इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली असते. पट्टीखालून वहीचा कागद सरकला, तर समजा, की घरचे काम इथे संपले. हेड पोत्यात गुंडाळून सातारा, मिरज किंवा कुपवाड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या ग्राइंडिंगवाल्याकडे न्यायचे आणि पृष्ठभाग सपाट करून आणायचा. हा खर्च टाळला, तर नवे गॅस्केट वाया जाणार हे नक्की.

भेग शोधायला रॉकेल किंवा डिझेल आणि फळ्यावरचा खडू पुरतो. साफ केलेल्या हेडवर, विशेषतः दोन झडपांच्या मध्ये, डिझेल लावा. पाच मिनिटांनी पुसून कोरडे करा आणि वर खडूची पूड भुरभुरा. भेग असेल तर केशाकर्षणाने आत शिरलेले डिझेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच गुणधर्माचा हा उपयोग. भेग निघाली, तर मात्र गॅस्केटवर पैसे घालू नका. आधी हेडचा निर्णय करा.

नवे गॅस्केट आणि नट आवळण्याचे शास्त्र

गॅस्केट त्याच इंजिनाचे आणि त्याच जाडीचे आणा. ट्यूबच्या रबराचे किंवा पुठ्ठ्याचे कापून बसवू नका. जाडी बदलली, तर पिस्टन आणि हेड यांच्यामधले अंतर बदलते. हेड घासून आणले असेल, तर हे अंतर तपासावेच लागते. शिशाची मऊ तार पिस्टनवर ठेवून हेड बसवायचे, हँडल सावकाश एक फेरा फिरवायचे आणि चपटी झालेली तार मोजायची. ती जाडी म्हणजेच ते अंतर. पुस्तिकेतील आकड्याशी ते जुळले पाहिजे. तार काढायला हेड पुन्हा उतरवावे लागते. म्हणून ही परीक्षा जुने गॅस्केट घालूनच करा. नव्याची जाडी वेगळी असेल, तर तेवढा फरक हिशोबात धरा.

काही इंजिनांचे गॅस्केट निव्वळ तांब्याच्या पत्र्याचे असते. ते एकदा दबले, की कडक होते. मंद लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले, की पुन्हा मऊ होते आणि पुन्हा वापरता येते. पोलाद असे केल्याने कठीण होते. तांबे मात्र मऊ होते. थर असलेल्या गॅस्केटाला ही युक्ती लागू नाही. ते एकदाच वापरायचे.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, नट आवळणे. हेडचा स्टड म्हणजे पोलादाची एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. नट आवळला, की स्टड किंचित ताणला जातो आणि आखडू पाहताना हेडला खाली ओढतो. १० सेंटिमीटर लांबीचा स्टड नीट आवळल्यावर किती ताणला जातो? अवघा ०.१ मिलिमीटरच्या आसपास. पुन्हा वहीच्या एका कागदाएवढाच! सव्वातीन टनांच्या दणक्याला अडवणारी सारी शक्ती या ताणात असते. नवे गॅस्केट पहिल्यांदा तापल्यावर त्याच्या निम्म्याने जरी दबले, तरी ताण निम्मा होतो. म्हणून पुस्तिकेत सांगितले असेल तिथे, पहिल्या चालवण्यानंतर नट पुन्हा तपासावेच लागतात. उलट नट गरजेपेक्षा जास्त आवळला, तर स्टड स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडतो आणि कायमचा लांबतो. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना विचारा. फाजील ताणलेली तार पुन्हा सुरात राहत नाही.

योग्य जोर मोजण्यासाठी महागडा पाना नसला, तरी चालेल. पान्याला लोखंडी नळी जोडा. नटाच्या मध्यापासून ५० सेंटिमीटरवर खूण करा. तिथे स्प्रिंगचा ताणकाटा अडकवून नळीला काटकोनात ओढा. पुस्तिकेत समजा ६ किलोग्रॅम-मीटर आवळा असे असेल, तर ६ भागिले ०.५, म्हणजे काट्यावर १२ किलोग्रॅम दिसेपर्यंत ओढायचे. हा आकडा केवळ उदाहरणासाठी आहे. तुमच्या इंजिनाचा आकडा पुस्तिकेतून घ्या. तरफेचा नियम शिकताना 'याचा उपयोग काय' असा प्रश्न पडला असेल, तर त्याचे हे एक उत्तर.

आटे साफ करा. पुस्तिकेत सांगितले असेल, तर तेलाचा थेंब लावा. नट समोरासमोरच्या क्रमाने, आधी एकतृतीयांश, मग दोनतृतीयांश आणि शेवटी पूर्ण जोराने आवळा. एकच बाजू आधी आवळली, तर दुसरी बाजू उचलली जाते. शेवटी झडपांची फट, ज्याला टॅपेट लावणे म्हणतात, ती पुन्हा जुळवा. नवे तेल भरा.

कारण सापडले का?

इंजिन चालू करण्याआधी पाण्याची नळी आणि जाळी काढून पाहा. आपल्या गोष्टीतल्या मामांची जाळी शेवाळाने गच्च भरलेली निघाली, असे समजू. म्हणजे गॅस्केट उडवले ते मूठभर शेवाळाने! जाळी साफ केली नसती, तर बाकीचे सारे श्रम व्यर्थ गेले असते.

इंजिन चालू करताना खोपटाची दारे उघडी ठेवा, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडबुडे नाहीत ना, ते पाहा. पाण्याचे तापमान थर्मामीटरने दर दहा मिनिटांनी वहीत लिहा. ते एका आकड्यावर स्थिर झाले, की दुरुस्ती साधली. तो आकडा खोपटाच्या दारावर खडूने लिहून ठेवा. पुढे कधी तापमान त्याहून दहा अंशांनी जरी वर गेले, तरी इंजिन थांबवून आधी जाळी पाहायची.

पाहिलेत ना, पैसे कोठे वाचले? ते स्वस्त गॅस्केटात वाचले नाहीत. ते वाचले कान देण्यात, कागदाने मोजण्यात, ताणकाट्याने ओढण्यात आणि जाळी उघडून पाहण्यात. आता पाटातून पाणी सरीत शिरेल आणि संध्याकाळपर्यंत पीक पुन्हा मान वर करील.

करून पाहा

१. तुमच्या कंपासपेटीतील पट्टी खरोखर सरळ आहे का? तिच्या कडेने कागदावर बारीक रेघ ओढा. पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांमधून दुसरी रेघ ओढा. दोन रेघांमध्ये फट दिसली, तर ती पट्टीच्या वाकडेपणाच्या दुप्पट असते. का, ते सांगा.

२. तांब्याची तार वीस वेळा वाकवा आणि ती कडक होते का पाहा. मग शिक्षकांसमोर ज्योतीवर तापवून पाण्यात बुडवा आणि पुन्हा वाकवा. काय फरक जाणवतो?

३. सिलिंडरचा व्यास ८ ऐवजी १० सेंटिमीटर असेल आणि दाब तोच राहिला, तर हेडवरचे बल किती होईल? व्यास सव्वापट झाला असता बलही सव्वापटच झाले का?